दहा वाजल्यानंतरचा दशावतार

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तीन आठवडे भांडण चालू आहे. विषय जत्रेतला दशावतार. गाव कुडाळजवळ, जत्रा त्रिपुरी पौर्णिमेनंतरची. पालखीच्या प्रदक्षिणा आटपून नाटक उभं राहतं तेव्हा बारा-साडेबारा झालेले असतात आणि दहीकाला होतो तेव्हा कोंबडे आरवत असतात. यंदा कमिटीतल्या तरुणांनी सुचवलं, की नाटक संध्याकाळी सातला सुरू करून दहाला संपवू या. तेही देवळासमोर नको, नव्या हॉलमध्ये करू. कारण ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, वाद्यंही नाहीत. बंद सभागृहात चालतं. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण आमचं नाटक बाराला सुरूच होतं.

मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात नर्स आहे. रात्रपाळी करते, झोपेची किंमत जाणते. त्यामुळे पहिल्याच दिवशी सात ते दहाच्या बाजूनं लिहून मोकळी झाले. देवळाच्या शेजारी एखादं आजारी माणूस असेल, कुणाची परीक्षा असेल, त्यांनी काय करावं? त्यावर चुलतभावाचा एका ओळीचा मेसेज आला, "बाय, तुका थंय बसान काय कळता?" दादा एका दशावतारी मंडळात पखवाज वाजवतो. दिवसा बागेत राबतो, रात्री वाजवतो. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' ही म्हण आमच्याकडे दशावतारी नटांसाठीच आहे.

थंय बसान, म्हणजे तिथे बसून, मला काय कळतं, ते सांगते.

इथल्या गावांत पूर्वी नाच घरात होत. स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवायचं, कोपऱ्यात एक फिडलवाला किंवा कॉन्सर्टिनावाली बसायची आणि शेजारपाजार जमायचा. फिडल म्हणजे व्हायोलिनच. कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत मावणारी छोटी पेटी. क्लेअरचं हे लाडकं वाद्य. १९३५ मध्ये सार्वजनिक नाचाला परवाना लागेल असा कायदा आला. कायद्याचा रोख नाचाच्या हॉलांवर होता. पण पोलीस आणि पाद्री या दोघांनीही तो घरांवर चालवला. नाच हळूहळू घरातून उठून पाद्र्यांच्या देखरेखीखालच्या हॉलमध्ये गेला. हॉल मोठा, तिथे एकट्या फिडलचा आवाज कुठे पुरणार? मग वादकांचे ताफे फोफावले, पियानो आला, ड्रम आला. त्या काळच्या जाणत्यांना तो धांगडधिंगा वाटला असणार. आज त्याच ताफ्यांना लोक अस्सल परंपरा म्हणून टाळ्या वाजवतात.

म्हणून ट्रिकसीन म्हणजे रंगमंचावरचे चमत्काराचे देखावे, रंगीत लाइट, धुराचं मशीन यांवर आमच्या ग्रुपमध्ये जे रणकंदन होतं त्यात मला फार रस नाही. पुराणकथेत राक्षस येताना धूर सोडला तर दशावतार बुडत नाही. आख्यान दुपारी ठरतं, संवाद रात्री रंगमंचावरच सुचतात, लिहिलेलं काही नसतं. हे आहे तोवर बाकीचं बदलू दे.

हॉलचं मात्र वेगळं आहे. इथले म्हातारे वादक सांगतात, की स्वयंपाकघर गेलं तेव्हा नाचायची जागा गेलीच, पण मोठं नुकसान म्हणजे शिकायची जागा गेली. चुलीजवळ निजलेलं पोर अर्धवट झोपेत धून उचलायचं. हॉलमध्ये पोरांना प्रवेश नाही, आणि असला तरी वादक उंच स्टेजवर. ते भरून काढायला इथे मुद्दाम यंत्रणा उभारावी लागली. १९५१ मध्ये संगीतकारांची देशव्यापी संघटना निघाली. १९७३ मध्ये इलन पाइप्स, म्हणजे काखेतल्या भात्यानं वाजणारं आयरिश वाद्य, वाजवणारे विली क्लॅन्सी गेले आणि त्यांच्या मिलटाउन मालबे गावात त्याच वर्षी त्यांच्या नावानं उन्हाळी शाळा सुरू झाली. गाव हजाराच्या आतलं. जुलैतल्या त्या आठवड्यात शाळेच्या वर्गांत, लोकांच्या घरांत, जिथे जागा मिळेल तिथे शिकवण्या चालतात.

मागच्या वर्षी तिथल्या एका पबमध्ये कोपऱ्यातल्या मैफलीजवळ बसले होते. आठ-दहा जण गोलात. माईक नाही, निवेदन नाही. लोकांकडे पाठ करून वाजवत होते म्हटलं तरी चालेल. एक दहाएक वर्षांची मुलगी कॉन्सर्टिना मांडीवर घेऊन बसली होती, नुसती ऐकत. एका म्हाताऱ्यानं फिडल खाली ठेवली आणि तिला हळूच विचारलं, तुझ्याकडे एखादी आहे का? धून 'येते का' असं इथे विचारत नाहीत, 'आहे का' असं विचारतात. सगळे थांबले. तिनं सुरुवात केली, दोनदा अडखळली, आणि तिसऱ्या फेरीला सगळा गोल तिच्या मागून वाजवायला लागला.

मला तेव्हा दादा आठवला. तो नऊ वर्षांचा असताना पखवाजवाल्या काकांच्या बाजूला बसायचा. त्याचं काम एकच, पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक मळणं. कणीक सुकली की आवाज बिघडतो, म्हणून रात्रीतून दोन-तीनदा ती काढून नवी लावायची. मी गोधडीत, 'संकासूर इलो काय उठव' असं आजीला बजावून झोपलेली. संकासूर म्हणजे दशावतारातला राक्षस. हा मात्र जागा, बोटं पिठानं माखलेली, नजर काकांच्या हातावर. असा शिकला तो. त्याला कुठल्या क्लासला घातलेलं मला आठवत नाही.

सात ते दहा, हॉल, चार फूट उंच स्टेज, पुढे खुर्च्या. यात कणीक मळणारं पोर कुठे बसणार? एवढंच मला ग्रुपवर विचारायचं आहे. नियम पाळू नका असं मी म्हणत नाही. इथले पबही सोमवार ते गुरुवार साडेअकराला बंद होतात आणि वाजवणारे मुकाट्यानं पेट्या आवरतात. पण मग कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पुन्हा बसतात.

आयर्लंडची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. दर चार दिवसांनी ग्रुपवर कुणीतरी टाकतं, की तिकडे सरकार कलावंतांना पगार देतं. देतं, खरं आहे. २०२२ पासून २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षांसाठी, असा प्रयोग झाला. आपल्याकडे ज्येष्ठ कलावंताला महिन्याला ५,००० रुपये मानधन आहे. तुलना केली की जीव जळतो, पण मी पाहिलेल्या मैफलींतले बहुतेक वादक शेतकरी, मास्तर, सुतार आहेत. आणि किनाऱ्यावरची पुष्कळ घरं सुट्टीत येणाऱ्यांची, हिवाळ्यात अंधारात. तरण्या वादकाला भाड्यानं खोली मिळत नाही. कोकणातल्या बंद घरांच्या मालकांना हे ओळखीचं वाटेल. शिवाय दशावताराला तिकीट नाही आणि पबसारखं दारू विकत घेतल्याशिवाय बसायला जागा नाही असंही नाही. चटई अंथरली की झालं.

परदेशातले आम्ही एरवी पैसे पाठवतो ते स्टेजला, जनरेटरला, बॅनरवर फोटो येईल अशा गोष्टींना. मीही गेल्या वर्षी लाइटसाठी दिले. यंदा कमिटीला कळवलं, की हॉलच घ्यायचा ठरला तर माझे पैसे एका पखवाजाला आणि शनिवारी दुपारी शिकवणाऱ्या माणसाला द्या. स्टेजला एक रुपयाही नको.

दादाचं उत्तर आलं. "पैशे धाड. पन कणीक मळूक पोर खंयसून हाडूचा?" पोर कुठून आणायचं, म्हणतो.

माझी लेक दहा वर्षांची आहे. तिच्याकडे कॉन्सर्टिनावरच्या तीन धुना आहेत. संकासूर तिनं फक्त फोटोत पाहिलाय. नोव्हेंबरात शाळा सुट्टी देईल का, ते उद्या विचारणार आहे.