पांढरी दाढी म्हणजे हुद्दा नव्हे

पांढऱ्या दाढीचा, कातडी जाकिटातला बायकर आणि खाली मजकूर: 'बायकर गँगमध्ये वय हाच हुद्दा. म्हातारा तो दादा, त्याचा मान तहहयात. आता सगळे साठीला टेकलेत, धोका संपला.' हा फॉरवर्ड अधूनमधून पुन्हा उगवतोच. एका दमात तीन थापा.

'वय हाच हुद्दा' घ्या. हेल्स एंजल्स या अमेरिकी बायकर टोळीची कॅलिफोर्नियातली ऑकलंड शाखा 1957 मध्ये उभी करणाऱ्यांतला सनी बार्जर 1938 चा. म्हणजे तेव्हा पुरता विशीचाही नव्हता. हुद्दा बोलतो तो पाठीवर, जाकिटावर शिवलेल्या पॅचमधून. आधी नुसती ऊठबस, मग 'प्रॉस्पेक्ट' म्हणून उमेदवारी. हेल्स एंजल्सची खूण म्हणजे पंखवाली कवटी, ती प्रॉस्पेक्टच्या पाठीवर नसते. गाड्यांवर पहारा द्या, बिअर आणा, आत बैठक चालली की बाहेर उभे राहा. हा चाळिशीचा असो आणि फर्मावणारा पॅचवाला, म्हणजे पक्का सभासद, नुकतं मिसरूड फुटलेला, मान खाली घालून करायचं. पॅच मिळतो तो सभासदांच्या मतावर, जन्मतारखेवर नाही.

'मान तहहयात'? मंगोल्स या दुसऱ्या अमेरिकी टोळीचा राष्ट्रीय अध्यक्ष रूबेन कवाझोस याला 2008 मध्ये त्याच्याच माणसांनी हाकललं. आणि हाकलणं हा सौम्य प्रकार झाला. 1985 मध्ये कॅनडात, क्यूबेकमधल्या लेनॉक्सव्हिलच्या क्लबहाउसवर हेल्स एंजल्सनी आपल्याच लावाल शाखेच्या पाच जणांना गोळ्या घातल्या आणि मृतदेह स्लीपिंग बॅगांत गुंडाळून सेंट लॉरेन्स नदीत सोडले. सगळे पॅचवाले होते बरं का.

राहिला 'धोका संपला'. 2006 मध्ये कॅनडातल्या ओंटारियोत बँडिडोज या आणखी एका टोळीच्या आठ जणांना त्यांच्याच गटाच्या माणसांनी मारलं, ते वेन केलेस्टाइनच्या शेतावर. हा गृहस्थ तेव्हा पन्नाशी उलटलेला. मरणाऱ्यांत एक प्रॉस्पेक्टही होता, पस्तिशी ओलांडलेला. टेक्ससमध्ये बँडिडोजचा राष्ट्रीय अध्यक्ष जेफ्री पाइक साठीनंतर, 2018 मध्ये, जन्मठेपेवर गेला; आरोपांत खुनाचे हुकूम दिल्याचाही होता. गुडघे दुखतात म्हणून हुकूम द्यायचे थांबत नाहीत.

आणि 'सगळेच' म्हातारे कुठे? ऑस्ट्रेलियात जिममध्ये फुगलेल्या, नाइकीचे बूट घालणाऱ्या नव्या पोरांना 'नाइकी बायकी' म्हणतात ('बायकी' म्हणजे तिकडच्या बोलीत बायकर). त्यांतल्या कित्येकांना मोटारसायकलचं सोयरसुतकही नसतं, आणि जुनी खोडं त्यावरून मनसोक्त कुरकुरतात.