‘पूर्वी पोरांना इतिहास तोंडपाठ होता’. पूर्वी म्हणजे कधी?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. अमेरिकेतल्या आधीच्या पिढ्यांना इतिहास तोंडपाठ होता, मोबाइलने आजच्या पोरांची वाट लावली, दोन-तृतीयांश अमेरिकन स्वतःच्याच नागरिकत्वाच्या परीक्षेत नापास होतात आणि आपली माणसं मात्र फटाफट पास.

आधी ‘तोंडपाठ’चं बघू. १९१७ साली बेल आणि मॅकॉलम या दोन संशोधकांनी टेक्सासमधल्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांची चाचणी प्रसिद्ध केली. पोरांना १४९२ (कोलंबस अमेरिकेत पोहोचला ते साल) ओळखता आलं, १७७६ (स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल) नाही! स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन आणि यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, यांची त्यांनी खिचडी केली. १८४६ म्हणजे मेक्सिकोशी युद्ध, टेक्सासच्या अंगणातलं, तेही कोरं. पुढे १९४३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ३६ कॉलेजांतल्या ७००० नव्या विद्यार्थ्यांना तपासलं. देश ज्यांतून उभा राहिला त्या मूळ १३ वसाहतींची नावं फक्त ६ टक्क्यांना आली. यादवी युद्धात लिंकन अध्यक्ष होता, हे चौघांतल्या एकाला माहीत नव्हतं.

मोबाइलचं म्हणाल, तर १९८७ च्या अहवालात १७ वर्षांच्या दोन-तृतीयांश मुलांना यादवी युद्ध १८५० ते १९०० मध्ये झालं हे सांगता आलं नव्हतं. तेव्हा कुठला मोबाइल? आठवीच्या इतिहासाच्या राष्ट्रीय चाचणीत सरासरी गुण १९९४ ला २५९, २०१४ ला २६७, २०२२ ला २५८. अलीकडची घसरण खरी आहे, पण घसरून पोरं पोहोचली ती १९९४ च्याच पायरीवर.

नापासांचा आकडा मात्र खोटा नाही. २०१८ च्या एका पाहणीत नागरिकत्वाच्या परीक्षेतले प्रश्न विचारले, तर १००० अमेरिकनांपैकी ३६ टक्केच पास झाले. पासष्टीपुढचे ७४ टक्के, पंचेचाळिशीखालचे १९. फॉरवर्डवाल्यांना यात पुरावा दिसेल. पण ज्येष्ठांना ते सतराव्या वर्षी किती येत होतं, हे ही पाहणी सांगत नाही. शिवाय ही माणसं तयारीविना बसली होती. नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसांच्या खऱ्या परीक्षेचे १०० प्रश्न तेव्हा उत्तरांसकट आधीच जाहीर असत. त्यातले १० तोंडी विचारत, ६ बरोबर आले की झालं. माझ्या मावसबहिणीने ती यादी महिनाभर फ्रिजवर चिकटवली होती. पहिल्या फटक्यात पास झाली. गेल्या दिवाळीत विचारलं, फेडरॅलिस्ट पेपर्स (अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेले जुने लेख) लिहिणाऱ्यांपैकी एकाचं नाव सांग. म्हणाली, “शपथ झाली त्याच दिवशी यादी फाडून टाकली रे.”