खुलासा: खाडीतले बारीक जीव चांदण्याला भुलून वर येतात?

‘खाडीतली खेकड्यांची पिल्लं रात्री चांदण्याकडे ओढली जाऊन पाण्यावर येतात’ असा मजकूर फिरतो आहे. त्यात कारण भलतंच जोडलंय. चंद्राचा संबंध आहे, पण मुख्यतः भरती-ओहोटीमार्फत. अंधाराचा फायदा एवढाच, की माशांना ती सहज दिसत नाहीत. समुद्रातून परतणारी अनेक जातींची पिल्लं रात्रीच्या भरतीला वर येतात, प्रवाहाबरोबर खाडीत शिरतात आणि ओहोटी लागली की तळाशी बसतात. फुकटचा प्रवासच म्हणा! वाढता खारेपणा आणि पाण्याचा दाब त्यांना भरतीची चाहूल देतो. अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या खेकड्यांच्या अळ्या मात्र बहुधा ओहोटीबरोबर समुद्राकडे जातात. किनाऱ्यावरच्या वाळूत राहणारा युरिडाइस पल्क्रा हा खेकड्यांचा दूरचा नातलग असलेला बारीक कवचधारी जीव तर प्रयोगशाळेत, भरती नसतानाही, भरतीच्याच सुमारे १२.४ तासांच्या तालावर पोहतो.