‘तुमच्याकडे ठीक आहे’

आमच्या गावच्या वाचनालयाचा एक व्हॉट्सॲप गट आहे. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, ‘ब’ वर्गाचं वाचनालय. बाबा तिथे २६ वर्षं ग्रंथपाल होते, त्या नात्यानं मी त्या गटात आहे. गेल्या महिन्यात कार्यकारिणीपुढे ठराव आला, की वरच्या मजल्यावरचा हॉल स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेला द्यावा. ४० टेबलं बसतील, महिन्याचं भाडं मिळेल. तसं झालं तर आमच्या नव्या ग्रंथपाल मुलीनं दोन वर्षं चालवलेलं रविवारचं वाचन बंद पडणार. तिथे बारा-चौदा माणसं येतात. पुस्तक एकच, एकेकानं पान मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग त्यावर बोलायचं. एवढंच.

त्या ठरावाखाली आमच्या शाळेतल्या एका निवृत्त सरांनी लिहिलं: “वाचन ही एकट्यानं, मान खाली घालून करायची गोष्ट आहे. गोळा होऊन मोठ्यानं वाचणं ही परदेशी थेरं आहेत. आपल्याकडे चालायची नाहीत.” त्याला एकतीस जणांनी पसंतीचे अंगठे दिले.

मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. मी ते सकाळी डंकिन नावाच्या कॉफीच्या दुकानातल्या रांगेत वाचलं आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. सरांनी मला मराठी शिकवलं आहे. आज मी जे चार शब्द लिहिते त्यातले दोन त्यांचे आहेत. म्हणून तर जास्त लागलं.

परदेशी थेरं! मग मी या परदेशात काय पाहिलं ते सांगते. आमच्या घरापासून पाऊण तासावर न्यू बेडफर्ड आहे. तिथल्या व्हेलिंग म्युझियममध्ये दर जानेवारीत ‘मोबी-डिक’ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, न थांबता. साधारण २५ तास लागतात. या कादंबरीचा लेखक मेलव्हिल ३ जानेवारी १८४१ ला तिथल्याच बंदरातून देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर निघाला, म्हणून जानेवारी. लागोडा नावाच्या जहाजाची अर्ध्या मापाची प्रतिकृती आहे, तिच्याजवळ शनिवारी दुपारी सुरुवात होते. चर्चमधल्या प्रवचनाचे अध्याय आले की मंडळी रस्ता ओलांडून खलाशांच्या जुन्या चर्चमध्ये जातात आणि ते तिथे वाचतात. वाचणाऱ्यांनी आधीच नावं दिलेली असतात. पाच-सात मिनिटं झाली की पुढचा माणूस उभा राहतो, पण वाचन तुटू द्यायचं नाही. बाजूला पोर्तुगीजमध्येही छोटं वाचन चालतं, कारण त्या गावात अझोर्स आणि केप व्हर्डे बेटांवरून आलेल्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत.

पहिल्यांदा गेले ती पहाटे साडेतीनला, नॉरइस्टर, म्हणजे इकडचं हिवाळी वादळ, नुकतं ओसरलं होतं. भिंतीला टेकून, घोंगड्या पांघरून माणसं बसली होती. कुणी मांडीवरच्या पुस्तकात बोटानं ओळ धरून चाललं होतं, कुणी डोळे मिटून ऐकत होतं. एक म्हातारे गृहस्थ अडखळत वाचत होते आणि कुणीही त्यांना घाई करत नव्हतं. मी दारात उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं बाई, सप्ताहच आहे हा!”

सर, तुम्ही आमच्या गावचा सप्ताह विसरलात? मारुतीच्या देवळापुढे मांडव, पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण. नऊ हजारांवर ओव्या, सात दिवस. व्यासपीठावर बसणारे बुवा पुढे म्हणायचे आणि मांडवातले शेदोनशे गळे त्यांच्यामागून जायचे. विण्याचा पहारा रात्रंदिवस. एकाच्या गळ्यातून वीणा उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात गेलीच पाहिजे, ती खाली टेकवायची नाही. न्यू बेडफर्डच्या त्या खोलीत पहाटे साडेतीनला माईकपुढे जो उभा होता, त्याच्या गळ्यात मला वीणा दिसली. हे परदेशी? हे आपणच सातशे वर्षं करत आलो आहोत आणि आता आपणच त्याला थेरं म्हणतो!

माझ्या आजीला अक्षर ओळख नव्हती. ती पारायणात बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसायची, मांडीवर कुणाचं तरी पोर. बाराव्या अध्यायात एकदा बुवांची ओवी चुकली तर आजीनं तिथूनच ती दुरुस्त केली होती. बुवांनी थांबून हात जोडले आणि पुन्हा म्हटली. वाचन एकट्यानंच करायचं असतं तर माझ्या आजीच्या वाट्याला आयुष्यभरात एक ओळ आली नसती. तिनं जे वाचलं ते दुसऱ्यांच्या तोंडून वाचलं. बाबा वाचनालयात गेले ते या आजीपायी. देवघेवीच्या टेबलाशी कुणी म्हातारी उगीच येऊन उभी राहिली तर ते तिला बसवून वर्तमानपत्रातलं काहीतरी वाचून दाखवायचे. नोंदवहीत त्याची नोंद होत नव्हती. अनुदानासाठी तपासणीला येणारे साहेब सभासद आणि पुस्तकं मोजायचे, वाचून दाखवलेलं मोजायला रकानाच नव्हता.

हे सगळं मी गटावर लिहिलं. लांब लिहिलं, मला मान्य आहे. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अकरा हजारांवर सार्वजनिक ग्रंथालयं त्याखाली अनुदान घेतात. पण कर्नाटक, तमिळनाडू किंवा केरळात आहे तसा ग्रंथालय कर आपल्या कायद्यात नाही. माझ्या इथे टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावसभेत, हात वर करून लायब्ररीचा पैसा मंजूर होतो आणि तो माझ्या घरपट्टीतून जातो, म्हणून मी त्या लायब्ररीत मालकिणीसारखी शिरते. १९९८ मध्ये सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी सगळ्या शहरानं एकच पुस्तक वाचावं हा उपक्रम काढला, २००१ मध्ये शिकागोनं तो उचलला आणि मग गावोगावी पसरला. आमच्या गावची पोरगी १४ जणांना घेऊन तेच करते आहे. तिचा हॉल काढून घेऊ नका, असं मी लिहिलं.

सरांचं उत्तर एका ओळीचं होतं. “तुमच्याकडे ठीक आहे. आमच्याकडची परिस्थिती वेगळी.”

आदल्या दिवशी ‘आपल्याकडे’ होतं. आपण म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघं, आम्ही म्हणजे ऐकणारा बाहेर. हा फरक सरांनीच आम्हाला सहावीत फळ्यावर दोन वर्तुळं काढून शिकवला होता. एका रात्रीत त्यांनी मला आतल्या वर्तुळातून उचलून बाहेर ठेवलं. इंग्रजीत हे करताच येत नाही, तिथे दोन्हीला एकच शब्द आहे.

मग कुणीतरी बातमी टाकली, की २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारनं मानव्यविद्यांची अनुदानं रद्द केली, “तुमच्याकडेही बंदच की!” बातमी खरी आहे. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज १९६५ ची संस्था, तिच्या पैशावर राज्याराज्यांतल्या आणि अमेरिकी प्रदेशांतल्या मिळून ५६ परिषदा चालतात. त्या परिषदांना एका पत्रानं कळवलं, की मंजूर झालेला पैसा मिळणार नाही. मेलन फाउंडेशन या खाजगी संस्थेनं तातडीनं दीड कोटी डॉलर दिले, ते बुडत्याला काडी इतकेच. मी गटावर उत्तर दिलं, की तरीही आमच्या इथल्या गावातलं जुलैचं वाचन त्या वर्षी झालं, गावानं वर्गणी काढून केलं. तेही खरं आहे. पण ते लिहिताना माझा स्वर भांडणाऱ्या जावेचा झाला होता, आणि मी कुणाच्या घरची बाजू मांडते आहे हे माझं मलाच कळेना.

ते जुलैचं वाचन काय ते सांगायला हवं. ५ जुलै १८५२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये फ्रेडरिक डग्लस यांनी एक भाषण केलं. डग्लस गुलामगिरीत जन्मले. लहानपणी मालकिणीनं त्यांना अक्षरं शिकवायला घेतली तर मालकानं ते थांबवलं, गुलाम वाचायला लागला तर हातचा जाईल म्हणून. पुढे ते पळाले आणि पहिली काही वर्षं राहिले ते न्यू बेडफर्डलाच. अमेरिकेच्या ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त त्यांना बोलायला बोलावलं होतं, आणि त्यांनी बोलावणाऱ्यांनाच विचारलं, की गुलामाला हा दिवस कसला? भाषणभर ते ‘तुमचे पूर्वज’, ‘तुमचं स्वातंत्र्य’ असं म्हणत राहतात. २००९ पासून मास ह्युमॅनिटीज या आमच्या राज्याच्या परिषदेच्या पुढाकारानं मॅसॅच्युसेट्समधली गावं हे भाषण उघड्यावर, मिळून वाचतात. भाषणाचे तुकडे पाडलेले असतात, जो रांगेत उभा राहील त्याच्या हातात कागद येतो.

बॉस्टनच्या फॅनुइल हॉलमध्ये अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी आमच्या कॉमनवर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानावर, त्या रांगेत उभी राहिले. माझ्या हातात जो तुकडा आला त्यात ते वाक्य होतं: ही चौथी जुलै तुमची आहे, माझी नाही. मी ‘तुमची’ म्हटलं, ‘माझी नाही’ म्हटलं आणि पुढची ओळ दिसेना. त्यांच्या दुःखाशी माझी बरोबरी करायची नाही, तो अपराध होईल. मी व्हिसा घेऊन विमानानं आले, माझ्या नावावर घर आहे. पण गळा का दाटला ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, ते इथे लिहिते.

सप्ताहाबद्दल मी गटावर जे लिहिलं त्यात मी अर्धंच लिहिलं. मांडवाला कनात होती. तिच्याबाहेर, ओढ्याच्या बाजूला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या चार-पाच बायका उभं राहून ऐकायच्या. त्यांच्यातली एक आमच्या गोठ्यात कामाला होती. आजीच्या दुरुस्त केलेल्या ओवीचं घरात सगळ्यांना कौतुक. त्या बाईला ती ओवी येत होती का, हे आजीनं विचारलं नाही, मी विचारलं नाही. कनात हलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कॉमनवर कागद धरून उभी होते तेव्हा मला डग्लस यांच्या जागी उभं असल्यासारखं एक क्षणही वाटलं नाही. ज्यांना उद्देशून ते ‘तुमची’ म्हणत होते, त्यांच्या रांगेत मी होते, त्या गावातही आणि माझ्या गावातही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्यासाठी. डग्लस तेव्हा हयात होते. पुण्यातला एक माणूस समुद्रापलीकडे बघून म्हणत होता, की माझ्या देशबांधवांनी यांचा कित्ता घ्यावा. बाबांच्या वाचनालयात ते पुस्तक होतं, मी स्वतः त्याला क्रमांक चिकटवला होता, पण ते उघडलं इथे आल्यावर. परदेशी म्हणून हिणवायचं असेल तर सर, ते पानही हिणवा.

भावाचा मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतो. त्याला मी हे सगळं फोनवर ऐकवलं, तो माझ्या बाजूनं बोलेल म्हणून. तो म्हणाला, “आत्या, खोलीत आम्ही पाच जण आहोत. गावात शांत बसायला एक टेबल मिळालं असतं तर मी इथे आलोच नसतो. त्या पोरांचं काय चुकलं?” मला लगेच उत्तर देता आलं नाही. माझ्या इथल्या लायब्ररीत अभ्यासाची खोली वेगळी, मुलांची वेगळी, सभेची वेगळी, आणि मी त्या जोरावर एकाच हॉलच्या गावाला शहाणपण शिकवत होते. पण एक मी त्यालाही सांगितलं आणि सरांनाही लिहिलं: टेबलं आठवडाभर असू द्या. रविवारी दोन तास ती भिंतीला लावा. त्या दोन तासांत अभ्यासाला बसलेली पोरंही वाटलं तर ऐकतील, न वाटलं तर चहा पिऊन येतील. अभ्यासिकेतल्या पोराच्या हातात पुस्तक असतं, पण नोकरी लागेपर्यंतच. त्यानंतर तो वाचनालयात कशासाठी येईल? आणि ज्या काकूंना चाळिशीतही अक्षर जोडायला वेळ लागतो, त्यांनी मान खाली घालून कुठे बसायचं?

सरांनी अजून उत्तर दिलेलं नाही. ठरावावर पुढच्या महिन्यात मतदान आहे, मला मत नाही. माझी सभासद वर्गणी भाऊ भरायचा, ती २०११ नंतर भरायची राहिली.

ग्रंथपाल मुलीनं मात्र वेगळा निरोप पाठवला. मतदान होईपर्यंत रविवार चालू ठेवणार आहे म्हणाली, आणि डग्लस यांच्या भाषणातलं थोडं मराठीत करून द्याल का, ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेला जोडून वाचू. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या तीन जणी यायला लागल्या आहेत, त्या वाचणार आहेत. मी चार रात्री बसून केलं. तुमची, माझी नाही, तिथे काही बदलावं लागलं नाही, मराठीत ते तसंच्या तसं आलं. डग्लस श्रोत्यांना घालतात त्या ‘फेलो सिटिझन्स’ या हाकेवर अडले. ‘नागरिकहो’ लिहिलं, खोडलं, ‘बांधवांनो’ लिहिलं, खोडलं, पुन्हा ‘नागरिकहो’ लिहिलं.

पाठवल्यावर तिचा फोन आला. “ताई, अक्षर मोठं करून द्या. त्यातल्या एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.” काल रात्री अक्षर वीस पॉइंटचं करून पुन्हा पाठवलं. अकरा पानं झाली.