ध्येयं लिहिणाऱ्या ‘तीन टक्क्यां’चा तो अभ्यास झालेलाच नाही

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. १९५३ साली येल विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फक्त ३ टक्क्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती. वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली. म्हणून ध्येय लिहा, आधी पूर्ण योजना आखा, यशाचं चित्र रोज डोळ्यांसमोर आणा. निम्मं काम तिथेच झालं. कधी येलच्या जागी हार्वर्ड येतं आणि साल १९७९ होतं.

असा अभ्यास झालेलाच नाही. १९९६ च्या अखेरीस ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकन मासिकाने याचा माग काढला, तेव्हा ही गोष्ट व्यासपीठावरून सांगणारे नामवंत वक्ते एकमेकांचीच नावं सांगू लागले. मूळ कागद कोणाकडेच नव्हता. येलच्या ग्रंथालयाकडेही त्याची नोंद नाही.

‘बोध तर चांगला आहे ना?’ असं यावर लगेच म्हटलं जातं. बोधही तपासून पाहू.

ध्येय लिहिलं की निम्मं काम झालं, हा पहिला दावा. लिहिण्याचा उपयोग होतो, पण कशाबद्दल लिहिलं यावर सगळं अवलंबून आहे. २००२ साली मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या संशोधकांनी ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून किमान एकदा वीस मिनिटं जोरकस व्यायाम करायचा, एवढीच अपेक्षा होती. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्याला हृदयरोगाची आणि व्यायामाच्या फायद्यांची माहिती दिली. तिथे ३५ टक्के. तिसऱ्याला तीच माहिती देऊन शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहायला लावलं. त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी तो केला! इच्छा तर माहिती मिळालेल्या दोन्ही गटांत जागी झाली होती. फरक पडला तो एका ओळीच्या योजनेने, आणि ती योजना थेट कृतीला बांधलेली होती. ‘मला तंदुरुस्त व्हायचं आहे’ हे वहीत कितीही सुंदर अक्षरात लिहिलं, तरी मंगळवारी संध्याकाळी काय करायचं ते त्यातून कळत नाही.

दुसरा दावा, आधी पूर्ण योजना. माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज बांधण्यात फार कच्चा असतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली छापलेल्या अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवस लागतील असं सांगितलं होतं. लागले सुमारे ५५. सगळं बिघडलं तर किती, या प्रश्नाचं उत्तरही ४९ च्या आतच होतं. मग सहा महिन्यांचं तारीखवार वेळापत्रक रंगवण्यात दोन आठवडे घालवून काय साधतं? पहिल्या आठवड्याच्या कामानेच ते खोटं ठरतं, आणि कोलमडलेलं वेळापत्रक पाहून कितीतरी जण ध्येयच सोडून देतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण चुकलेला असतो अंदाज आणि दोष मात्र ते स्वतःच्या कुवतीला देतात. आठवडाभर काम करून किती झालं ते मोजावं आणि पुढचा अंदाज त्यावरून बांधावा.

यशाच्या चित्राचं थोडक्यात सांगते. एटिंगन आणि वॉडन यांनी १९९१ साली वजन कमी करणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास केला. वजन उतरेल असा विश्वास असलेल्यांचं ते जास्त उतरलं. पण सडपातळ झाल्याची गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं वर्षभरात सुमारे ११ किलोंनी कमी उतरलं. विश्वास हवाच. मनातले मांडे वेगळे.

हे वाचून कोणी ‘मग योजना सोडा, थेट उडी मारा’ म्हणेल, तर तेही मला मान्य नाही. पाऊल मागे घेता येण्यासारखं असेल, म्हणजे नवी भाषा शिकणं, पळायला लागणं, लेखन सुरू करणं, तर दिवस, वेळ आणि जागा ठरवून याच आठवड्यात सुरुवात करावी. नोकरी सोडायची किंवा मोठं कर्ज काढायचं असेल, तर हिशेब, पर्याय आणि माघारीची वाट कागदावर उतरेपर्यंत थांबणंच योग्य. तिथेही त्या काळात हातपाय हलवता येतात: नवं काम काही महिने संध्याकाळी करून पाहता येतं, पहिलं गिऱ्हाईक मिळतं का ते बघता येतं, आणि तिथे मिळालेले आकडे योजनेत भरता येतात.