रुग्णवाहिकांचा नकाशा: काही उपयुक्त सूचना

शहरात रुग्णवाहिका कुठं उभ्या करायच्या हे नकाशावरून ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती मांडणारं सॉफ्टवेअर, हाताशी असताना खुर्चीतून उठायचं कारण नाही.

डॉ. जॉन स्नोचा कित्ता मात्र गिरवू नका. १८५४ साली लंडनच्या सोहोत कॉलरा पसरला, तेव्हा हा गृहस्थ दारोदार फिरला, कुठल्या घरात किती मेले ते नकाशावर काळ्या रेघांनी मांडलं आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं. एवढ्या चपला झिजवून नकाशा एक! तुमच्याकडं सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे.

पुण्याचा नकाशा उघडा. प्रत्येक गाडीभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढा, आत हिरवा रंग भरा. दहा मिनिटांत गाडी रस्त्यानं खरोखर कुठवर पोचते हे काढायचीही सोय असते, पण त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका. त्यातून निघणारा आकार फाटक्या बनियनसारखा दिसतो आणि साहेबांना भोकं आवडत नाहीत. वर्तुळाला नदी आडवी येत नाही. डेक्कनची गाडी नारायण पेठेत पोचलेलीच असते. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की या दोहोंमधला भिडे पूल बुडतो हे शेंबडं पोरही सांगेल, पण शेंबड्या पोराचा लेअर, म्हणजे नकाशावर चढवायचा माहितीचा थर, नसतो. गणपतीतल्या मांडवांचा लेअर करू या, असं एखादा नवखा इंजिनिअर सुचवेल. त्याची बदली मिळकतकर विभागात करा.

लोकसंख्या २०११च्या जनगणनेची घ्या. पुढं २०१७ला अकरा आणि २०२१ला तेवीस गावं हद्दीत आली, टॉवर उठले. पण तुमच्या आकड्यांत तिथं अजून शेतंच आहेत, आणि उसाला हार्ट अटॅक येत नाही.

पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत एका करड्या पट्ट्यात उरका. तिथं गाडी पायथ्याशी थांबते. वरच्या बोळातून पेशंटला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार पोरं पायऱ्या उतरवतात, पाचवा पुढं ओरडत असतो, ‘गाड्या काढा, गाड्या काढा!’ तुमचा रिस्पॉन्स टाइम पायथ्यालाच संपलेला असतो. खुर्चीला जीपीएस नसतो.

१०८ची सेवा राज्यात २०१४ साली सुरू झाली. कॉल कुठून आला, किती वाजता आला, याच्या नोंदी अशा सेवेकडं असतात. त्या चुकूनही मागू नका. दुपारी कॉल एकीकडून आणि रात्री दुसरीकडून येतात असं निघालं, तर गाडीची जागा पाळीनुसार बदलावी लागेल. मग तिथं ड्रायव्हर-डॉक्टरांना बसायला शेड हवी, संडास हवा. नकाशाचं बजेट वेगळं, संडासाचं वेगळं.

राहता राहिलं उद्घाटन. मोठ्या पडद्यावर पालकमंत्र्यांसमोर कॉल लावायचा आणि गाडी दोन मिनिटांत हजर दाखवायची. त्यासाठी ती सकाळपासून सभागृहामागं लावून ठेवा. तेवढ्या वेळात त्या भागातून खरा कॉल आला, तर शेजारचं वर्तुळ आहेच.