31 तारखेला जन्मलेल्या बाळाचा पहिला महिना: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, आणि उत्तराला उशीर झाला कारण आधी तुमच्या बाळाची तारीख टाकून सगळं स्वतः तपासायचं होतं. तुम्ही लिहिलंय की बाळाचा जन्म 31 जानेवारी 2025 चा, 28 फेब्रुवारीला बाळाचं वय आणि लसीच्या तारखा दाखवणाऱ्या आमच्या ॲपने "28 दिवस" दाखवलं आणि 1 मार्चला एकदम "1 महिना 1 दिवस", म्हणजे नुसतं "1 महिना" कधी आलंच नाही आणि पहिल्या महिन्याच्या फोटोची आठवणही आली नाही. दुसरं म्हणजे न्यू जर्सीत असलेल्या तुमच्या मिस्टरांच्या फोनवर बाळ एक दिवसाने लहान दिसतं. तिसरं, दीड महिन्याच्या लसीची तारीख आम्ही 15 मार्चऐवजी 14 मार्च दाखवली. आणि दुसऱ्या एका ॲपमध्ये म्हणे हे सगळं बरोबर येतं.

पहिल्या दोन तक्रारी शंभर टक्के खऱ्या आहेत आणि चूक आमची आहे, त्याबद्दल मनापासून सॉरी. पहिल्या महिन्याचा फोटो परत काढता येत नाही हे आम्हाला कळतं, आम्ही हे ॲप त्याच फोटोंसाठी बनवलंय.

आता झालं काय ते सांगतो. अँड्रॉइडमध्ये दोन तारखांमधलं अंतर वर्ष-महिने-दिवसांत काढायची तयार सोय आहे, पिरियड म्हणतात तिला, आणि आम्ही तीच जशीच्या तशी वापरली होती. ती बघते की आजच्या तारखेचा आकडा जन्माच्या आकड्यापर्यंत पोचला का. 28 हा 31 पेक्षा लहान, म्हणून महिना पूर्ण नाही. मग 1 मार्च उजाडला की ती 31 जानेवारीत एक महिना मिळवते, 31 फेब्रुवारी अशी तारीखच नाही म्हणून 28 फेब्रुवारी धरते, आणि तिथून पुढे एक दिवस मोजते. त्यामुळे 28 दिवसांवरून थेट 1 महिना 1 दिवस. तिच्या नियमात ते चूक नाही पण आईच्या दृष्टीने चूकच आहे, आणि हे फक्त फेब्रुवारीपुरतं नाही, 31 तारखेच्या प्रत्येक बाळाला एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबरलाही असंच झालं असतं. आता आम्ही नियम बदललाय: ज्या महिन्यात ती तारीख नाही त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी महिना पूर्ण धरायचा. म्हणजे 28 फेब्रुवारीला 1 महिना, 31 मार्चला 2, आणि येत्या 30 एप्रिलला 3 महिने.

हे दुरुस्त करतानाच अजून एक भानगड सापडली ती पण सांगून टाकतो. फोटोची पुढची आठवण आम्ही मागच्या आठवणीत एक महिना मिळवून ठरवत होतो. 31 जानेवारीत एक महिना मिळवला की 28 फेब्रुवारी, ठीक, पण त्यात परत एक मिळवला की 28 मार्च, मग 28 एप्रिल, म्हणजे तारीख 28 लाच चिकटून बसते ती कायमची! जन्मतारखेत सरळ दोन महिने मिळवले की 31 मार्च बरोबर येतं. म्हणून आता दर वेळी मोजणी जन्मतारखेपासूनच सुरू होते.

आता मिस्टरांचा फोन. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात, तशी ती तिथे 9 मार्चला पुढे गेली, म्हणजे तो दिवस 23 तासांचाच होता. आपल्याकडे घड्याळ असं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे आमच्या टेस्टिंगमध्ये हे कधी दिसलंच नाही. "एकूण दिवस" हा आकडा आम्ही दोन्ही तारखांच्या रात्री 12 मधले मिलिसेकंद घेऊन 24 तासांनी भागून काढत होतो. 31 जानेवारी ते 1 एप्रिल हे खरे 60 दिवस, पण तिकडे मधले तास 1440 ऐवजी 1439, भागाकार आला 59.96 आणि कोडने पुढचं कापून 59 दाखवलं. लसीची आठवण याच आकड्यावर चालते म्हणून तीही त्यांना एक दिवस उशिरा आली असणार. काही केलं नसतं तर हे नोव्हेंबरात घड्याळं मागे येईपर्यंत असंच राहिलं असतं. आता तास मध्ये आणतच नाही, तारखेतून तारीख वजा करतो. शिवाय बाळ भारतात आहे आणि तुमच्या सकाळी त्यांच्याकडे आदल्या दिवसाची रात्र असते, म्हणून सेटिंगमध्ये "बाळ कुठे आहे" हा नवीन पर्याय टाकलाय, तिथे भारत निवडलं की दोघांच्या फोनवर एकच वय दिसेल.

लसीच्या तारखेबद्दल मात्र आम्ही ती बदललेली नाही, आणि हे जरा नीट वाचा कारण माझ्या मते तुमच्या रिव्ह्यूतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आपण घरी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची लस म्हणतो, पण सरकारी वेळापत्रकात ती 6, 10 आणि 14 आठवड्यांची आहे. आठवडा कधीही 7 दिवसांचाच, म्हणजे 42, 70 आणि 98 दिवस. तुमच्या बाळासाठी 14 मार्च, 11 एप्रिल आणि 9 मे. पहिल्या डोसला बोलीतल्या दीड महिन्यात आणि यात एकाच दिवसाचा फरक पडला, पण साडेतीन महिने कॅलेंडरवर मोजलेत तर 15 मे येतो, म्हणजे 6 दिवसांचा फरक. म्हणून तिथे आम्ही महिने वापरतच नाही. दवाखान्यातून कार्डावर वेगळी तारीख लिहून दिली असेल तर तीच पाळा, ॲपमध्ये ती हाताने बदलता येते.

राहिलं ते दुसरं ॲप. नाव तुम्ही लिहिलं नाहीत ते बरंच केलंत, मला कोणाला कमी लेखायचं नाही, पण तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये 1 एप्रिलला "2 महिने 0 दिवस" दिसतंय, म्हणजे 60 भागिले 30 केलंय. बरोबर वय 2 महिने 1 दिवस आहे. हाच हिशोब पहिल्या वाढदिवसाला 12 महिने 5 दिवस दाखवेल. कोणी म्हणेल मग सरासरी घ्या, 365.2425 भागिले 12, साधारण 30.44 दिवसांचा महिना. आम्ही सुरुवातीला तेच केलं होतं, आणि 365 दिवसांना त्याने भागलं की येतात 11.99, म्हणजे वाढदिवसाचा केक समोर आणि ॲपवर 11 महिने! एका आईने फोन करून सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून वयाच्या हिशोबात दिवसांना भागून महिने काढणं आमच्याकडे पूर्ण बंद आहे, महिना 28 चा असो की 31 चा, तो कॅलेंडरवरच मोजायचा.

अपडेट आज सकाळपासून प्ले स्टोअरवर आहे. दोन्ही फोनवर घ्या, ॲप अनइन्स्टॉल करू नका, फोटो आणि नोंदी तशाच राहतील. 28 फेब्रुवारीला तुम्ही एखादा जरी फोटो काढून ॲपमध्ये टाकला असेल तर त्याच्यावरचं "28 दिवस" आता आपोआप "1 महिना" होईल, आणि त्या दिवशीचा फोटो फक्त गॅलरीत असेल तर तोही टाका, ॲप फोटोची मूळ तारीख घेतं. 30 एप्रिलला सकाळी आठवण आली नाही तर "आम्हाला कळवा"मधून लगेच लिहा, त्या दिवशी मी स्वतः बघणार आहे.